मोजणारे आणि मोजले जाणारे

पर्यावरण, आरोग्य व हवामानबदल ह्या विषयांवर आज जी संशोधने चालतात त्यांत 'संशोधन समन्वयक' नावाचे एक पद असते. पगारपत्रकात हे पद प्राध्यापकाच्या पुष्कळ खाली आणि घरोघर फिरणाऱ्या पाहणी-कार्यकर्त्याच्या थोडे वर असते. संमतिपत्राचे मराठी करणे, ते वस्तीतल्या बायाबापड्यांना वाचून दाखवणे, पत्र्याच्या घरात चुलीपासून दूर आणि भिंतीला न टेकता तापमापक टांगणे, काही दिवसांनी जाऊन त्यातले आकडे उतरवून आणणे, घर बंद असेल तर पुन्हा जाणे, आणि शेवटी विद्यापीठाला हव्या त्या स्वरूपात सारा तक्ता भरून देणे, ही त्याची कामे. निबंध छापून येतो तेव्हा त्याचे नाव असलेच तर आभाराच्या परिच्छेदात असते. समाजकार्य व सार्वजनिक आरोग्य ह्या विषयांच्या पदव्या घेऊन बाहेर पडणारी आपली काही मुलेमुली आज अशा कामावर आहेत. त्यांना हे काम का मिळते? त्यांना वस्तीची भाषा येते, गल्ली माहीत असते, त्यांना दार उघडले जाते. म्हणजे विद्यापीठाला जे दार बंद असते ते उघडण्यासाठी ह्या मुलांचा जन्म उपयोगी पडतो. जो जन्म आजवर आडवा आला तोच इथे पात्रता ठरतो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

ह्या पदाला इतिहास आहे. तो कुठल्या अभ्यासक्रमात शिकवला जात असेल असे वाटत नाही. त्यात अभिमानाची पाने आहेत, तशीच विश्वासघाताचीही आहेत, आणि विश्वासघाताचे सर्वांत काळे पान लिहिणारा हात परक्याचा नव्हता.

१८९६ हे साल घेऊ. त्या वर्षी फ्रेडरिक हॉफमन नावाच्या विमा कंपनीतील आकडेतज्ज्ञाने अमेरिकन निग्रोंच्या वांशिक लक्षणांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. निग्रो अधिक मरतात ते त्यांच्या रक्तातच खोट आहे म्हणून, असा त्याचा निष्कर्ष. त्याने आकडे खोटे दिले नव्हते. मृत्यू खरेच अधिक होते. आकडा खरा आणि अर्थ खोटा, हे शास्त्र आपल्याला अपरिचित नाही. अस्पृश्यांच्या वस्तीत रोगराई अधिक, कारण ते घाणेरडे, हे आपण किती पिढ्या ऐकले!

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण फिलाडेल्फियात आला. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला सहाय्यक असे नाव देऊन नेमले, पण शिकवायला वर्ग दिला नाही. शहराच्या सातव्या विभागात, जिथे निग्रो वस्ती दाट होती, तिथेच तो बायकोसह राहिला आणि दारोदार फिरला. सुमारे अडीच हजार कुटुंबांत तो स्वतः जाऊन बसला. मुख्य संशोधक तोच, समन्वयक तोच, पाहणी-कार्यकर्ताही तोच. १८९९ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्यात आरोग्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि घरांवरही आहे, आणि ही दोन प्रकरणे एकमेकांना लावून वाचली की हॉफमनचा डोलारा कोसळतो. २,४४१ कुटुंबांपैकी न्हाणीघर व शौचकूप ह्यांची सोय होती फक्त ३३४ कुटुंबांना, शेकडा १३.७. क्षयाने माणसे मरत होती ती कोंदट खोल्यांत, निकृष्ट अन्नावर. पुढे १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठातून डुबॉइसने निग्रोंच्या आरोग्यावर व शरीरप्रकृतीवर आणखी एक अभ्यास संपादित केला आणि तोच मुद्दा अधिक पुराव्यांनिशी मांडला. रक्त आणि परिस्थिती ह्या वादात परिस्थितीच्या बाजूने आकडे उभे करणारा हा पहिल्या काही माणसांपैकी एक. आज ज्याला पर्यावरण-आरोग्य म्हणतात त्याच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक पुस्तके विलायतेतल्या गटारांपासून करतात. मला ती सातव्या विभागातल्या ह्या जिन्यांपासून करावीशी वाटते.

एक गोष्ट मात्र डुबॉइसने पुढे प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. त्या वस्तीतल्या माणसांना त्याचे येणे आवडले नव्हते. आपण कुणी विचित्र प्राणी आहोत आणि हा आपला अभ्यास करायला आला आहे, असे त्यांना वाटले. रंग एक असूनही मोजणारा आणि मोजला जाणारा ह्यांत भिंत होती.

आणि त्याच १८९६ मध्ये, सप्टेंबर महिन्यात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. पुढची दोन-तीन वर्षे म्हणजे पश्चिम भारतात मोजण्याचा, तपासण्याचा आणि घरे उघडून पाहण्याचा एक भयंकर कालखंड होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या अंमलाखाली सोल्जर घरांत शिरले. ह्या काळाचा जो इतिहास आपल्याला शाळेत शिकवला गेला, तो सोवळ्याओवळ्याच्या विटंबनेचा आणि २२ जूनच्या गोळीचा आहे. गावकुसाबाहेरील माणसांवर काय गुजरले ते त्यात नाही. मुंबईत मात्र एक मजेशीर उलटापालट झाली होती. तिथले म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांना सर्वांत मोठी धास्ती होती ती शहराचे मैले उचलणारे हलालखोर आणि बिगारी काम सोडून निघून जातील की काय ह्याची. ते गेले तर शहर दोन दिवसांत राहण्यालायक उरणार नव्हते. ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्यावाचून साम्राज्याचे दुसरे शहर चालणार नव्हते, हे प्लेगने लिहून घेतले. त्याचा मोबदला काय मिळाला? १८९८ साली सुधारणा ट्रस्ट आला. रोग कोंदट हवेत असतो ह्या समजुतीवर चाळी पाडल्या गेल्या, आणि पहिल्या दोन दशकांत ट्रस्टने बांधल्या त्यापेक्षा अधिक खोल्या पाडल्या. प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे परळच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९०५ नंतर पक्के केले. तोवर गरिबांची छपरे गेलेली होती.

ह्या मोजणीबाहेर एक बाई काम करीत होती. सावित्रीबाई फुले ह्यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत ह्याच्याकडून पुण्याबाहेर मोकळ्या माळावर दवाखाना घालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या आल्या असे सांगतात. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांनी तक्ते भरले नाहीत. त्या रोग्याजवळ गेल्या, आणि जवळ जाणे हीच त्या काळात, ह्या देशात, सर्वांत अवघड वैद्यकीय क्रिया होती.

किती अवघड, त्याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या लेखनात नोंदवून ठेवला आहे. हे प्रकरण मूळ पत्ररूपाने १९२९च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापले गेले होते. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर यायला तयार होईना. गावच्या प्रतिष्ठितांना मध्ये घालून, फी आधी कबूल करून तो आला तेही वस्तीबाहेरच थांबला. बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला. त्याच वाटेने तो परत आला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला आणि न्युमोनिया झाल्याचे सांगितले. पुन्हा तो आला नाही. ती बाई मेली.

ह्या प्रसंगाचा अर्थ आपण आजवर अस्पृश्यतेचे क्रौर्य एवढाच लावला. तो बरोबरच आहे. परंतु आरोग्य-संशोधनाच्या दृष्टीने पाहिले तर इथे मापन झालेले आहे. पारा बरोबर चढला, आकडा बरोबर वाचला गेला, निदानही कदाचित बरोबर असेल. मधल्या माणसाने आपले काम चोख केले. आकडा डॉक्टरपर्यंत पोहोचला आणि बाईपर्यंत डॉक्टर मात्र पोहोचला नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर माहितीचे संकलन शंभर टक्के झाले. आज त्या मधल्या माणसाच्या जागी आपला मुलगा किंवा आपली मुलगी उभी आहे, म्हणून हा प्रसंग त्यांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी वाचला जावा असे मला वाटते.

काळे पान आता उलटतो. १९३२ साली, जेव्हा आपल्याकडे पुणे करार होत होता, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मेकन काउंटीत सरकारी आरोग्य खात्याने सुमारे चारशे उपदंशग्रस्त आणि दोनशे निरोगी निग्रो शेतमजूर-खंडकऱ्यांचा एक अभ्यास सुरू केला. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो हे पाहायचे होते. माणसांना रोगाचे नाव सांगितले नाही. 'रक्त बिघडले आहे' एवढेच सांगितले. कमरेच्या मणक्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी ही खास फुकट उपचार म्हणून गळ्यात मारली. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन हे खात्रीचे औषध हाती आले, तरी ते त्यांना दिले नाही. हे सारे १९७२ पर्यंत, चाळीस वर्षे चालले.

डॉक्टर बदलत गेले. एक व्यक्ती मात्र जवळजवळ शेवटपर्यंत टिकली: युनिस रिव्हर्स. टस्कगीच्याच शाळेत शिकलेली काळी परिचारिका. आजचे पदनाम लावायचे तर ती त्या अभ्यासाची समन्वयक होती. ती सरकारी मोटारीतून माणसांना आणायची, नेऊन सोडायची, घरची विचारपूस करायची, कोण आजारी, कोणाची म्हातारी गेली हे तिला माहीत असायचे. माणूस मेला की शवविच्छेदनाला घरच्यांची संमती मिळवणे हेही तिचेच काम. त्या बदल्यात अंत्यविधीसाठी पन्नास डॉलर मिळायचे. अन्नान्न दशेतल्या कुटुंबांना ते पैसे मोठे होते. माणसे डॉक्टरवर विश्वास ठेवत नव्हती, तिच्यावर ठेवत होती. १९५३ साली वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा अनुभव सांगणारा जो निबंध सरकारी नियतकालिकात आला त्यावर पहिले नाव तिचे आहे. १९५८ साली केंद्रीय खात्याने तिचा गौरव केला.

तिला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. तिची बाजू मांडणारे सांगतात की त्या काउंटीत काळ्या माणसाला एरवी डॉक्टर दिसतच नव्हता. हिच्यामुळे निदान कोणी नाडी पाहत होते, ॲस्पिरिन आणि टॉनिक मिळत होते. ती काळी, ती बाई, ती परिचारिका; गोऱ्या डॉक्टरांना अडवण्याची तिची प्राज्ञा नव्हती. हे सारे खरे असेल. तरीही तिच्या मायेशिवाय तो अभ्यास चाळीस वर्षे चालला नसता, हेही तितकेच खरे आहे. शोषणाच्या व्यवस्थेला बंदूक प्रत्येक वेळी लागत नाही. आपल्यातल्याच एखाद्याचा जिव्हाळा तिला पुरतो. आभाराच्या परिच्छेदातून लेखकांच्या यादीत नाव गेले म्हणजे प्रश्न सुटला असे मानणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनी त्या १९५३च्या निबंधावरील पहिले नाव लक्षात ठेवावे.

हा प्रकार उघडकीस आला तो जुलै १९७२ मध्ये. खात्यातल्याच पीटर बक्सटन नावाच्या माणसाने आधी वरिष्ठांकडे तक्रार केली होती. ती दाबली गेल्यावर त्याने बातमीदाराला गाठले. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात इकडे मुंबईत दलित पँथर उभी राहात होती आणि महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. आमच्या पिढीने ब्लॅक पँथरचे नाव घेतले, काळे जाकीट घेतले, भाषेतला अंगार घेतला. पण ब्लॅक पँथर पक्षाने शहराशहरांत फुकट दवाखाने काढले होते, १९७१ पासून सिकलसेल ह्या रक्तरोगाच्या तपासण्या वस्तीत जाऊन सुरू केल्या होत्या आणि १९७२च्या आपल्या कार्यक्रमात मोफत आरोग्यसेवेची मागणी लिहिली होती, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगितले नाही. सिकलसेल विदर्भात दलित-आदिवासींच्या घराघरांत आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली २०२३ साली. आपण पँथरकडून घेतले त्यापेक्षा सोडले अधिक, असे कधीकधी वाटते.

आता उष्णतेकडे येतो, कारण हवामानबदलाच्या संशोधनात आपल्या मुलांच्या वाट्याला मुख्यतः उष्णतेचेच काम येते. इथेही एक जुना अमेरिकन दाखला आहे. पिट्सबर्ग परिसरातल्या पोलाद कारखान्यांत १९५३ साली कामावर असलेल्या सुमारे ५९,००० कामगारांच्या मृत्यूंचा मागोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६० नंतर घ्यायला सुरुवात केली. सर्व कामगारांची सरासरी काढली तर चित्र वाईट नव्हते. धडधाकट माणूसच कारखान्यात टिकतो, त्यामुळे सरासरी चांगलीच दिसते. मग विल्यम लॉइड ह्यांनी कोण नेमके कुठे उभे राहून काम करतो ह्यानुसार ते आकडे फोडले. १९७१ साली निष्कर्ष आला: कोक-भट्टीच्या माथ्यावर पाच वर्षे किंवा अधिक काळ पूर्णवेळ काम केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेच्या दसपट होते. आणि भट्टीच्या माथ्यावर होते बहुतांशी काळे कामगार. त्यांना तिथे का ठेवले जाई? तर काळ्या माणसाला उष्णता सोसते, हा मालकांचा समज. १९७६ साली कोक-भट्ट्यांसाठी सरकारी सुरक्षानियम झाला तो ह्या फोडलेल्या आकड्यांच्या बळावर.

'ह्यांना सोसते' हे वाक्य मराठीत किती ओळखीचे आहे! उन्हात खडी फोडणाऱ्याला ऊन सोसते, गटारात उतरणाऱ्याला वास सोसतो, उसाच्या फडातल्या बाईला बाळंतपण सोसते. सरासरी ही ह्या वाक्याची गणिती बहीण आहे. ती फोडल्याशिवाय वर्ण दिसत नाही, जात दिसत नाही, फडातली बाई दिसत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली जातात हा बोभाटा झाला तेव्हा २०१९ मध्ये शासकीय समितीने मोजणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. ह्या बायका त्याआधीही दर हंगामाला जात होत्या आणि येत होत्या. जिल्ह्याच्या सरासरीत त्या विरघळलेल्या होत्या.

उष्णतेच्या बळींबाबत तर मोजणी हाच मुख्य झगडा आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात आठवडाभर उष्म्याची लाट आली. शवचिकित्सा करणारे अधिकारी डोनह्यू उष्माबळींचे आकडे जाहीर करू लागले तेव्हा महापौर डेली ह्यांनी ते फुगवलेले आहेत असा सूर लावला. नंतर नेहमीपेक्षा किती माणसे अधिक मेली ह्याचा हिशोब झाला आणि तो निघाला ७३९. एकट्याने राहणारे म्हातारे आणि काळे लोक त्यांत अधिक होते. माणूस उन्हाने मेला असे मृत्यूच्या दाखल्यावर क्वचितच येते. हृदय बंद पडले असे येते. म्हणून उष्णतेचे मरण एकेका देहात दिसत नाही, बेरजेत दिसते. आपल्याकडे तर नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरी कारणासह प्रमाणित होणारे २०२० साली चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. गुन्हे नोंदणी विभाग, हवामान खाते आणि आरोग्य खाते ह्यांचे उष्माबळींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात सरकारी पुरस्कार सोहळ्यात उन्हाने चौदा माणसे मेली, तेव्हा ती मोजली गेली, कारण मंत्रिमंडळ मांडवाखाली बसलेले होते. बांधकामावरच्या मजुराच्या मरणाला असा मांडव नसतो.

भारतात ही बेरीज पहिल्यांदा नीट झाली ती अहमदाबादेत. मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात आधीच्या व नंतरच्या वर्षांच्या मानाने १,३४४ माणसे अधिक मेली, असे पुढे महापालिकेच्या मृत्युनोंदींवरून संशोधकांनी दाखवले. ह्या कामातून, झोपडपट्टीतल्या तीनशे घरांच्या पाहणीतून आणि महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था व एक अमेरिकन पर्यावरण संस्था ह्यांच्या भागीदारीतून २०१३ साली देशातली पहिली उष्मा कृती योजना आली. शहरातल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छपराखाली होता. तो खाली आणल्यावर उष्म्याने आजारी पडून दाखल होणारी नवजात अर्भके कमी झाली. किती साधी गोष्ट! कुणीतरी बाळांचे ताप आणि मजला एका कागदावर मांडले तेव्हा ती दिसली. योजनेमुळे २०१४-१५ मध्ये वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असा एक अंदाज आहे. हे काम मोठे आहे आणि ते मोठे आहे असे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. प्रत्येक विद्यापीठीय संशोधनाकडे संशयानेच पाहणे हा आपल्या चळवळीतला आळस आहे.

पण मग देशभर ह्या योजनांच्या नकला निघाल्या. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च ह्या संस्थेने २०२३ साली अशा ३७ योजना तपासल्या, तेव्हा कोणाला धोका अधिक आहे ह्याची प्रत्यक्ष पाहणी केलेल्या त्यांत दोनच निघाल्या. बाकीच्यांत वृद्ध, मुले, गरोदर स्त्रिया, उघड्यावर काम करणारे अशी ठरीव यादी असते. उघड्यावर काम करणारे कोण, हा पुढचा प्रश्न यादी विचारत नाही. सरकारच्याच श्रमशक्ती पाहणीच्या आकड्यांवरून काही अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडे दाखवले आहे की अनुसूचित जाती-जमातींचे लोक दिवसाचे अधिक तास उन्हात काम करतात, आणि शिक्षण, उत्पन्न वगैरे बाबी हिशेबात धरल्या तरी जातीचा फरक पुरता पुसला जात नाही. म्हणजे भट्टीचा माथा इथेही आहे. तो आकाशाखाली असल्यामुळे दिसत नाही इतकेच.

ह्या साऱ्यात समन्वयकाने काय करावे, ह्याचे एक उदाहरण न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले त्याच्या अंगणालगत ही काळ्यांची वस्ती आहे. आणि १९४६ साली त्याच डुबॉइसना पत्र लिहून बाबासाहेबांनी निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती, हेही इथे नोंदवतो. मॅनहॅटनमधली बहुतेक बस-आगारे ह्याच भागात होती. डिझेलचा धूर आणि पोरांचा दमा ह्यांनी लोक हैराण होते. १९८८ मध्ये त्यांनी 'वी ॲक्ट' ही संघटना काढली. १९९६च्या जुलैत कोलंबियाच्या संशोधकांबरोबर त्यांनी हार्लेमच्या पदपथांवर चार ठिकाणी हवा मोजली. संघटनेची किशोरवयीन मुलेमुली मापनयंत्रे घेऊन उभी राहिली, जाणारे ट्रक-बस मोजले. सूक्ष्म धूलिकणांत जागोजागी फार फरक निघाला नाही. परंतु डिझेलच्या काजळीत मात्र सुमारे चौपट फरक निघाला, आणि तो रहदारीप्रमाणे बदलत होता. म्हणजे कोणता आकडा मागायचा हेही ठरवावे लागते. नुसती धूळ मोजली असती तर सारे शहर सारखेच, असे उत्तर आले असते. काय मोजायचे आणि कुठे उभे राहायचे ह्या गोष्टी वस्तीच्या तक्रारीतून आल्या होत्या. निबंधाच्या लेखकांत संघटनेच्या पेगी शेपर्ड ह्यांचे नाव आहे. रिव्हर्स आणि शेपर्ड, दोघींची नावे निबंधांवर आहेत. पहिलीला प्रश्न बदलण्याचा अधिकार नव्हता. दुसरी प्रश्न घेऊनच आली होती, आणि तिच्या पाठीशी संघटना होती.

आपल्या मुलांच्या पाठीशी कोण आहे? अकरा महिन्यांचा करार, वरिष्ठांचे शिफारसपत्र आणि पुढच्या प्रकल्पाची आशा. प्रश्नावलीत जातीचा रकाना घाला म्हटले की सामाजिक तेढ नको असे ऐकावे लागते, आणि घातलाच तर विश्लेषणात तो शेवटच्या तक्त्यात ढकलला जातो. एकट्या समन्वयकाला हे बदलता येणार नाही. वस्तीतल्या मंडळांनी, कामगारांच्या संघटनांनी, शिक्षकांनी प्रकल्पाला परवानगी देण्याआधी चार गोष्टी लेखी मागितल्या तर बदलता येईल: निष्कर्ष आधी वस्तीत वाचले जातील काय, आकडे जातवार व कामवार फोडले जातील काय, तपासणीत आजारी निघालेल्याला औषध कोण देईल, आणि काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असेल.

मार्च उजाडला की नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव इकडे पत्र्याखाली तापमापके टांगली जातील. बरोबरच्या संमतिपत्रात एक ओळ असते: ह्या अभ्यासातून आपण केव्हाही, कारण न देता बाहेर पडू शकता. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांनंतर १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेत हे तत्त्व लिहिले गेले, आणि ते लिहिलेले असूनही मेकन काउंटीत पुढे पंचवीस वर्षे ते पोहोचले नाही. टस्कगी उघडकीस आल्यावर अमेरिकेत १९७४चा कायदा व १९७९चा बेलमाँट अहवाल झाला. आपल्याकडे वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली नीतिविषयक पहिले निवेदन काढले आणि पुढे २००० व २०१७ मध्ये सविस्तर मार्गदर्शिका काढल्या. ती ओळ अशी फिरत फिरत आपल्या वस्तीत आली आहे. पाहणीच्या घाईत ती सर्वांत भरभर वाचली जाते, कारण दिवसाला किती घरे झाली ह्याचा हिशोब संध्याकाळी द्यायचा असतो.